जहाज आलं का, मडिवाळ?

मागच्या महिन्यात अहमदपूरला माझ्या भावाचा सत्कार झाला. शाल, नारळ, हार, सगळं रीतीनं. सूत्रसंचालन करणारा पोरगा माईक धरून म्हणाला, "बालपणापासूनच अथांग सागराची ओढ असलेले आपले कॅप्टन मडिवाळप्पा..." मी पहिल्याच रांगेत बसले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "डोंबलाची ओढ!" शेजारची बाई वळून बघायला लागली. बघू दे की. चाकूरच्या लेकरानं समुद्र बघितला होता कधी, तर त्याला ओढ लागंल? आमच्याकडं गावतळं भरलं तरी माणसं नारळ घेऊन बघायला जातेत.

अन् आमचा मडिवाळ कॅप्टन कधी झालाच न्हाई. डेकवरचा अधिकारी म्हणून लागला अन् चीफ ऑफिसर म्हणून रिटायर झाला. त्यानं उठून तसं सांगितलंबी, पण टाळ्या एवढ्या पडून राहिल्या होत्या की कुणाला ऐकू गेलं न्हाई. मग तो हसला अन् खाली बसला. आयुष्यभर हेच केलं त्यानं. लोकांनी कामून गेलास म्हणून विचारलं की हसायचं.

मग लोकच कारणं काढायचे. आमचे गुंडप्पा काका म्हणायचे, दुकानातल्या कॅलेंडरवर जहाजाचं चित्र होतं, ते बघून पोरगं बिघडलं. नांदेडचे त्याचे सर म्हणायचे, गणित चांगलं होतं म्हणून. भाऊबंद म्हणायचे, गल्ल्यावर बसायचा कंटाळा, दुसरं काय! मला खरं काय ते मालूम हाय. मी होते ना तिथं. आता सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, पण डोकं शाबूत हाय. सांगते.

मी शिवकांता. मडिवाळ माझ्या पाठचा. आमच्या अप्पांचं, मलप्पांचं, चाकूरच्या बाजारगल्लीत किराणा दुकान, अन् त्यातच सरकारी रेशनबी. दुकानाच्या मागं घर. घरात अव्वा, म्हंजे आमची आई, गौरम्मा. आमच्या लिंगायतांच्या घरात आईला अव्वा म्हणतेत अन् मोठ्या बहिणीला अक्का. चाकूर तेव्हा तालुका न्हाई, काही न्हाई. अहमदपूर तालुक्यातलं एक गाव, अन् जिल्हा कुठं तर उस्मानाबाद. एका सहीसाठी सकाळी निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी परत यायचा, अन् वर सही झालेली नसायची.

त्यात आला बहात्तरचा दुष्काळ. त्याचं काय सांगावं! विहिरीच्या तळाला उतरून वाटीनं घागर भरायची. बाया-बाप्ये सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. शाळेतले मास्तरसुद्धा हजेऱ्या घ्यायला तिकडंच, म्हणून शाळा नावाला. अव्वा रोज सकाळी लिंगपूजा करायची. एरवी तांब्याभर पाणी लागायचं, त्या साली पळीभर. तेच तीर्थ म्हणून घ्यायची अन् म्हणायची, "देवाचीबी तहान कमी झाली बघ."

गावात ज्वारीचा दाणा न्हाई. सरकारनं परदेशातनं लाल ज्वारी मागवली होती, मिलो म्हणायचे तिला. भाकरी थापायला गेलं की चिरायची, चव म्हणाल तर भुशाची. चांगल्या सालात म्हशीनं हुंगून सोडून दिली असती. पण अडला हरी! त्या मिलोसाठी आमच्या दुकानापुढं उजाडायच्या आत रांग लागायची.

आता ही मिलो यायची जहाजानं. अप्पा अहमदपूरला कचेरीत विचारायला गेले की तिथला माणूस सांगायचा, "मुंबईला जहाज लागू द्या, मग येईल." अप्पा परत येऊन रांगेला तेच सांगायचे. असं दोनदा झालं, चारदा झालं, अन् मग गावाला शब्दच मिळाला. नमस्कार-चमत्कार बंद. जो तो येऊन एकच विचारायचा, "जहाज आलं का?"

हसू येतंय आता. समुद्र कुठं, चाकूर कुठं! प्यायला पाणी न्हाई अन् अख्खं गाव जहाजाची वाट बघून राहिलंय. अप्पांना रोज रोज न्हाई म्हणायची लाज वाटायला लागली. ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे अन् दुकानाच्या पायरीवर मडिवाळला बसवायचे. आठवीतलं पोरगं ते. कोण आलं की, "जहाज आलं का, मडिवाळ?" ह्यानं मान हलवायची, "न्हाई आलं." दिवसभर हेच. म्हातारे ग्यानोबा होते, ते काठी टेकून त्याच्याशेजारी बसायचे अन् विचारायचे, "जहाज म्हंजे केवढं असतंय रे? येष्टीएवढं?"

"लई मोठं असतंय, आजोबा."

"मग हाकतंय कोण त्याला?"

मडिवाळला काय माहीत! तो उठून आत आला. "अप्पा, जहाज कोण हाकतंय?"

"असंल कुणीतरी साहेब."

"कुणाचा पोरगा?"

"मला काय ठाऊक बाबा! असंल कुणाचाबी."

"आपल्यातला कुणी न्हाई का?"

अप्पा खेकसले, "आपल्यातला कसा असंल? उगं डोकं खाऊ नको, जाऊन बस पायरीवर."

अन् एक दिवस आलं जहाज! लातूर रोड स्टेशनावर माल उतरला अन् दुपारी ट्रक आमच्या दारात उभा राहिला. गावात आरोळी गेली. बाया हातातलं टाकून पळत आल्या, ग्यानोबांनी ट्रकच्या चाकाला हात जोडले, खोटं न्हाई सांगत. मडिवाळ तर ट्रकवर चढून पोती मोजून राहिला होता, स्वतःच जहाज घेऊन आल्यागत.

अप्पांनी पहिलं पोतं उसवलं अन् त्यांचा चेहराच पडला. आतली मिलो भिजून तिचा गठ्ठा झाला होता. वास सुटलेला, काळी बुरशी चढलेली. दुसरं तसंच, तिसरं तसंच. निम्म्याहून जास्त पोती गेलेली. ट्रकवाला म्हणाला, "शेठ, माझ्यावर नका येऊ. हे जहाजातच भिजलंय म्हणतेत. जहाजाच्या कोठीला वर झाकण असतंय, ते म्हणे कुणी नीट बसवलं न्हाई. समुद्राचं पाणी आत शिरलं."

जे निघालं ते अप्पांनी वाटलं. रांगेच्या शेवटाला बाया राहिल्या, त्यांच्या पिशव्या रिकाम्याच गेल्या. त्यातलीच एक नागुबाई. वेशीबाहेरच्या वस्तीतली, बौद्ध. खडीच्या कामावर जायची, नवरा आजारी, पदरात लेकरू. ती भांडली न्हाई, ओरडली न्हाई. आमच्या घराच्या ओट्यावर येऊन बसली. तिला माहीत होतं, ह्या ओट्यावरनं कुणी उपाशी जात न्हाई.

आमच्यात दासोह म्हणतेत. दारात आलेल्याला घातल्याबिगर आपण घास घ्यायचा न्हाई. अन् अव्वाचं असं होतं की दासोहाला जात विचारायची न्हाई. गल्लीतल्या काही जणींची नाकं मुरडायची, अव्वा त्यांना म्हणायची, "नाक तुमचं हाय, मुरडा. भाकरी माझी हाय." आमच्या घराचं पुढचं दार दिवसाउजेडी कधीच लागत न्हवतं. मयत झालं तरी उघडंच.

त्या दिवशी टोपल्यात दोन भाकरी होत्या अन् खाणारी आम्ही चौघं. अव्वानं एक भाकरी हातात घेतली, दारापर्यंत गेली. थांबली. वळून आम्हा दोघांकडं बघितलं. मग तिनं भाकरी पदराखाली घेतली अन् दार लावलं. आवाज होऊ नये म्हणून कडी हातानं धरून, हळू लावली. मी अन् मडिवाळ तिथंच उभे होतो. थोड्या वेळानं नागुबाई उठून गेल्याचं पावलांवरनं कळलं. अव्वानं आम्हाला वाढलं, स्वतः खाल्लं न्हाई. त्या दिवशीबी न्हाई अन् दुसऱ्या दिवशीबी न्हाई.

नागुबाईला काही झालं न्हाई बरं का. ती पुढं चांगली म्हातारी होऊन, नातवंडं बघून गेली. पण अव्वा तिच्याशी पुन्हा नजर मिळवून बोलली न्हाई. अन् आमच्या घरात त्या दाराचा विषय कुणी काढला न्हाई. ते तसंच गिळून टाकलं सगळ्यांनी.

दुष्काळ सरला. माझं लग्न होऊन मी अहमदपूरला आले. मडिवाळ शिकायला नांदेडला गेला, खोली करून राहिला, हातानं वरण-भात करून खायचा. तिथं वाचनालयात त्यानं पेपरात जाहिरात बघितली. जहाजावरच्या अधिकाऱ्यांचं शिक्षण, मुंबईत. घरी कुणाला न सांगता परीक्षा दिली. पास झाला! मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा माझ्या मालकांकडनं बूट मागून नेले. मालकांचे पाय मोठे, म्हणून पुढं कापूस कोंबला होता.

मुलाखतीचं त्यानंच मला सांगितलं, पोट धरधरून हसत. तीन साहेब बसलेले, पांढरेशुभ्र कपडे. पहिल्यानं विचारलं, समुद्र बघितलाय का? म्हणे, आज सकाळी बघितला. पोहता येतं का? म्हणे, साहेब, शिकायच्या वयात विहिरीला पाणीच न्हवतं. साहेब हसले. मग एकानं विचारलं, जहाजावर दोन कामं असतात. एक इंजिनाचं, एक डेकवरचं. डेकवरचा अधिकारी जहाज चालवतो, माल भरून घेतो, उतरवतो. तुझे मार्क बघता तू इंजिनाकडं जावंस, डेक कशासाठी? तर ह्यानं त्यालाच उलटं विचारलं, "माल ठेवतेत त्या कोठीचं झाकण कुणाच्या ताब्यात असतंय?"

"डेकवरच्या अधिकाऱ्याच्या."

"मग मला तेच पाहिजे."

साहेबांना काय कळलं असंल, देव जाणे. पण घेतलं त्याला.

अन् मग घरात महाभारत. अप्पा दोन दिवस बोलले न्हाईत, तिसऱ्या दिवशी विरघळले. त्यांना मनातनं बरंच वाटलं होतं, माझा पोरगा साहेब होणार म्हणून. अव्वाचं तसं न्हवतं. अव्वा आडवी आली. तिचा पाठचा भाऊ शंकरप्पा, मांजरेच्या पुरात बैलगाडीसकट वाहून गेला होता. बैल सापडले, गाडीचं जू सापडलं, शंकरप्पा मामा सापडला न्हाई. आमच्यात जाळत न्हाईत. गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतेत, कपाळाला भस्म, हातात लिंग, अन् माती देतेत. पोरानं पहिली मूठ टाकायची, मग बाकीच्यांनी. ते झालं की जीव सुटला. शंकरप्पा मामाचं काहीच झालं न्हाई. आजी मरेपर्यंत नदीच्या काठाला जाऊन बसायची, डोकं टेकायला समाधी न्हाई म्हणून नुसत्या वाळूवर डोकं टेकायची. अव्वानं ते बघितलं होतं.

"पाण्यानं माझा भाऊ खाल्ला," अव्वा म्हणाली, "आता पोरगाबी त्यालाच देऊ? तिकडं काही झालं तर माती कोण देईल तुला? मासे?"

मडिवाळनं तिला उलट उत्तर दिलं न्हाई. पण बॅग भरायचंबी थांबवलं न्हाई. मुळाचाच चिवट, वरनं गरीब दिसतंय तेवढंच. शेवटी अव्वानं अट घातली. "लग्नाचं वय होईस्तोवर फीर. शीक, जग बघ. पण मी हाक मारली की घरी यायचं. यायचंच. बोल." तो "हाव" म्हणाला अन् 'शरणु' म्हणत तिच्या पाया पडला. तिनं त्याच्या गळ्यातला लिंगाचा दोरा ओढून ओढून बघितला, घट्ट हाय का म्हणून, अन् मग रडली.

पुढची वर्षं तो सुट्टीवर यायचा तेव्हा आमच्याकडं जत्राच. शिकाऊ असताना त्याला डेक धुवायला लावायचे, गंज खरवडायला लावायचे. रात्रंदिवस पाळ्या. जहाजावर कोंबडं, बोकड, मासा, अन् हा एकटा वरण-भात अन् पावावर. आचारी म्हणे त्याला, तू माणूस हायस का शेळी? मी म्हणायचे, "पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणतेत ते हेच रे, मडिवाळ!" मग तो हसायचा, अन् माझ्या हातच्या चार भाकरी ठेच्याबरोबर उठवायचा. वर्षा-वर्षानं काळा पडत चालला होता, पण चालणं बदललं होतं, बोलणं ठाम झालं होतं. मला त्याचा लई अभिमान वाटायचा. आजबी वाटतोय, उगं कशाला लपवू!

आता लोकांना वाटतं तो जगभर धान्य वाहून राहिला. कुठलं काय! कोळसा, खत, सिमेंट, लोखंडाची माती. धान्य क्वचित. पण माल कुठलाबी असू दे, जहाज निघायच्या आधी कोठीच्या झाकणाचा सांधा न् सांधा तो हातानं चाचपून बघायचा. त्याच्या हाताखालचे वैतागायचे, म्हणे कोळसा भिजला तर काय बिघडतंय? हा ऐकून घ्यायचा अन् पुन्हा चाचपायचा.

ब्याऐंशी साल उजाडलं. मडिवाळ परीक्षा पास होऊन थर्ड ऑफिसर झाला होता अन् सुट्टीवर चाकूरला आला होता. त्याच पंधरा ऑगस्टला आपला लातूर जिल्हा झाला. काय तो आनंद! अप्पा अन् गुंडप्पा काका नवी टोपी घालून लातूरला गेले, पेढे घेऊन आले. मीबी राखीनंतर माहेरीच थांबले होते. काका दारातनंच ओरडले, "वहिनी, उस्मानाबादचे हेलपाटे बंद! कलेक्टर आपल्या दारात! नव्या कचेऱ्या, नव्या जागा. मडिवाळचं मी बोलून ठेवलंय. शिकलेला पोरगा हाय, हातोहात घेतील. अन् उदगीरची महानंदा, तिचा बाप लग्नाला तयार हाय, पण पोरगा जमिनीवरचा पाहिजे म्हणतो."

झालं! आधीच अव्वा टपून बसलेली. तिनं मडिवाळकडं बघितलं अन् म्हणाली, "मी हाक मारली बघ. घरी ये."

मडिवाळ दोन-तीन दिवस घरात फिरत राहिला, दुकानात पोत्यांची थप्पी लाव, दाराला तेल दे, असली फिजूल कामं. सुट्टी संपत आली होती, जहाजाची तार येऊन पडली होती. अव्वाचा शब्द मोडायचा का जहाज सोडायचं, दुसरं काहीच उरलं न्हवतं. मला त्याच्याकडं बघवत न्हवतं.

शेवटी दुपारी जेवायला सगळे बसलो होतो, तेव्हा काकांनीच खडा टाकला. "मग, कधी जायचं लातूरला?"

मडिवाळनं हातातला घास ताटात ठेवला. म्हणाला, "अव्वा, तू विचारलं न्हाईस कधी, मी कामून गेलो ते."

"गेलास त्या कॅलेंडरपायी," काका म्हणाले.

"काका, तुम्ही उगं बसा." आमच्या घरात काकांना असं कुणी बोललं न्हवतं. ते उगं बसले. मडिवाळ अव्वाकडंच बघून राहिला होता. "दुष्काळात ती पोती भिजून आली होती, आठवतंय? तिकडं कुणीतरी झाकण नीट लावलं न्हाई, अव्वा. म्हणून इकडं तुला दार लावावं लागलं."

अव्वाचा हात थांबला. वाढायचा पळा तसाच वर. मला वाटलं, आता धरणी फाटंल. एवढ्या वर्षांत त्या दाराचं नाव कुणी काढलं न्हवतं, अन् ह्यानं भरल्या ताटावर काढलं.

"तू बघितलंस?" अव्वानं विचारलं.

"अक्कानंबी बघितलं. तू कडी धरून लावलीस."

"म्हंजे माझ्यापायी गेलास तू?"

"हाव. दुसऱ्या कुणाच्या अव्वावर तशी वेळ येऊ नये म्हणून. कलेक्टर कचेरीत ते काम न्हाई, अव्वा. असतं तर थांबलो असतो. इमानानं सांगतो."

अव्वा खाली बसली. अप्पा डोळे पुसून राहिले होते, काका ताटात बोट फिरवून राहिले होते. मग अव्वा बोलली, पण आवाज तिचा वाटत न्हवता.

"मी आजवर तुझ्या मातीचं बोलून राहिले रे. तुला कोण देईल, तुला कोण देईल. खरं सांगू? मला ते भ्या न्हाई. तू जपशील स्वतःला. मला भ्या हाय माझ्या मातीचं. मी जाईन तेव्हा तू नसशील."

मडिवाळ 'येईन' म्हणाला न्हाई. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, की येईन गं अव्वा, कुठंबी असलो तरी येईन. त्याला माहीत होतं जहाज भर समुद्रातनं वळत न्हाई. तो नुसता रडला. मिशा फुटलेला, साहेब झालेला माणूस, लेकरागत रडला.

अव्वानंच मग पदरानं त्याचं तोंड पुसलं. अन् माझ्याकडं वळली. "शिवकांता, माझी पहिली माती तू द्यायची. ऐकलंत का सगळ्यांनी? गुंडप्पा भावजी, तुम्हीबी ऐका, मागनं फाटे फोडू नका." अन् मडिवाळला म्हणाली, "जेव. ताट टाकून उठू नये. अन् जा तुझ्या जहाजावर."

तो गेला. महानंदानं बापाला ठणकावून सांगितलं, की लग्न करीन तर त्या जहाजवाल्याशीच. लग्न झालं, संसार झाला, तो निराळा विषय.

अव्वा त्यानंतर चार-पाच वर्षांनी गेली. पेरण्या चालू होत्या. सकाळी पूजा केली, जरा पडते म्हणाली, अन् उठली न्हाई. मडिवाळच्या कंपनीला तार केली. उत्तर आलं, जहाज ब्राझीलहून निघालंय, बंदराला लागायला लई दिवस लागतील. आमच्यात एवढं थांबत न्हाईत.

अव्वाला बसवली, फुलं घातली, भस्म लावलं. समाधीच्या खड्ड्यापाशी पोचलो अन् काकांनी करायचं तेच केलं. "पोरगी कशी देईल पहिली माती? लोक काय म्हणतील? मलप्पादादा हायत, मी हाय." चार भाऊबंदांनी माना डोलावल्या. आमचे अय्या, म्हंजे विधी करणारे जंगम, पोथी धरून उभे. माझं डोकंच फिरलं. मी पदर खोचला अन् म्हणाले, "अव्वानं तुमच्यासमोर सांगितलंय, काका. ताटावर बसून ऐकलंय तुम्ही. आता जिभेला हाड न्हाई म्हणून काहीबी बोलू नका." अय्यांनी विचारलं, "गौरम्मा असं म्हणाली होती?" अप्पा पुढं आले. म्हणाले, "म्हणाली होती. दे गं पोरी."

मी दिली. पावसानं माती ओली होती, मुठीतनं सुटंना. बोटं झाडून झाडून टाकावी लागली. अन् त्या क्षणाला मला माझ्या भावाचा राग आला. असा राग आला की सांगता सोय न्हाई. परक्याच्या अव्वांचं भलं करायला निघालास, अन् स्वतःच्या अव्वाला मूठभर माती द्यायला न्हाईस! घरी आले तरी हाताला तो ओलावा राहिल्यागत वाटायचा. कितीबी धुतला तरी.

महिना-दीड महिना गेला. मी रोज मनात बोलणी जुळवून राहिले होते. येऊ दे त्याला, असं बोलीन, तसं बोलीन. एक दिवस मी अहमदपूरच्या घरी भाकरी करत होते अन् दारात तो. खांद्याला बॅग तशीच. चाकूरला गेला न्हवता, अप्पांना भेटला न्हवता, अव्वाच्या समाधीला गेला न्हवता. स्टँडवरनं सरळ माझ्याकडं.

मी वळून बघितलं न्हाई. बडवत राहिले भाकरी. तो येऊन चुलीपाशी खाली बसला.

"अक्का, हात दे."

"कशाला?"

"ज्या हातानं माती दिलीस, तो दे."

माझी सगळी जुळवलेली बोलणी कुठल्या कुठं गेली. मी उजवा हात पुढं केला, पिठानं भरलेला, तसाच. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, 'शरणु' म्हणाला, अन् त्याच्यावर कपाळ टेकवलं. समाधीवर टेकवतेत तसं. लई वेळ उठलाच न्हाई. तव्यावरची भाकरी जळून राहिली होती, मी हात काढून घेतला न्हाई.

मग तो उठला, बॅग घेतली अन् चाकूरची गाडी धरायला निघाला. कपाळाला पीठ लागलं होतं. मी पूस म्हणाले न्हाई.